वळवाच्या वादळाआधी घरातली वीज: सुरुवात अर्थिंगच्या खड्ड्यापासून

यावल तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर रात्री वावधन सुटलं, शिवारातली केळी आडवी झाली आणि त्याच रात्री घरातला टीव्ही, फ्रिज, इन्व्हर्टर आणि वायफायचा राउटर एकदमच जळाले. आता एक वायरमन सांगतो मोठा स्टॅबिलायझर घ्या, दुकानदार म्हणतो सर्ज प्रोटेक्टर बसवा, पाहुणे म्हणतात गच्चीवर वीजरोधक उभा करा. घर अर्धं जुनं धाब्याचं, अर्धं नवीन स्लॅबचं. मागे पत्र्याचा गोठा, गच्चीवर सोलर, विहिरीवर थ्री-फेज मोटार. पैसा बेताचा आहे, तर आधी काय करावं?

ताई, मी ३२ वर्षं भुसावळ, यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात घरांची आणि शेतातली फिटिंगची कामं करतोय. तुम्हाला सुचवलेल्या तिन्ही गोष्टींचा आपापल्या जागी उपयोग आहे, पण त्यांची पाळी नंतर येते. आपल्या खानदेशात वादळ येतं ते जमीन सगळ्यात कोरडी असते तेव्हा, वैशाख-ज्येष्ठात. आणि घरातल्या विजेची बरीचशी सुरक्षा त्या जमिनीवरच टेकलेली असते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: अर्थिंग (गळती झालेल्या विजेला जमिनीत वाट देणारी जोडणी), मग न्यूट्रल (करंट परत नेणारी तार), मग पत्रे आणि सर्व्हिस वायर (पोलवरून मीटरला येणारी तार), आणि त्यानंतर बाजारातले डबे. हे सगळं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी उरकायचं. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घर माणसांनी भरलेलं असतं, आणि तिथून मृगापर्यंत आभाळ कधी फिरेल ते सांगता येत नाही.

पण त्याआधी त्या रात्री तुमच्याकडे नेमकं काय झालं ते आठवून बघा. वस्तू दोन वेगळ्या कारणांनी जळतात आणि दोन्हींचं औषध वेगळं आहे. जळण्याआधी काही क्षण दिवे झगझगीत झाले होते का? पंखा सुसाट फिरायला लागला होता का? शेजारी त्याच वेळी लाईट मंद, लालसर झाली होती का? तसं असेल तर तुमच्याकडे वीज पडलेलीच नाही. डीपीपासून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून, तुमच्या गल्लीपर्यंत कुठेतरी न्यूट्रल सुटला. उलट, मोठा कडकडाट झाला आणि त्याच क्षणी वस्तू गेल्या, त्यातही डिशच्या किंवा इंटरनेटच्या केबलला जोडलेल्या गेल्या, तर तो आकाशातल्या विजेचा सर्ज, म्हणजे क्षणभराचा मोठा झटका. तुमच्याकडे वेगवेगळ्या खोल्यांतल्या वस्तू गेल्या आणि त्यात फ्रिजही आहे, म्हणून माझा कल न्यूट्रलकडे जातो. वादळानंतर मला ज्या घरांत बोलावलं गेलं, त्यातली बहुतेक घरं न्यूट्रलनेच जळालेली होती.

न्यूट्रलचं गणित समजून घ्या. गावातली डीपी ११,००० व्होल्ट घेते आणि खाली तीन फेज आणि एक न्यूट्रल देते. कोणत्याही दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास व्होल्ट असतात, फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०. तुमच्या घराला एक फेज, शेजाऱ्याला दुसरा, आणि न्यूट्रल सगळ्यांचा सामाईक. वादळात तारा झोके घेतात, फांदी आदळते, पोलवरचा गंजलेला जंपर (तारा जोडणारा तुकडा) सुटतो. तो जंपर न्यूट्रलचा निघाला तर दोन घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट दोघांत वाटले जातात, पण सारखे नाही. एका घरात १,००० वॅटचा लोड चालू असेल आणि दुसऱ्यात २०० चा, तर २०० वाल्या घराला ३३० व्होल्ट मिळतात आणि १,००० वाल्याला ७० सुद्धा मिळत नाहीत. ज्याच्याकडे कमी चालू, त्याचंच जळतं. शेजारी कूलर घरघरत असतो आणि तुम्ही एक पंखा, दोन चार्जर चालू ठेवून झोपलेले असता. फटका तुम्हाला बसतो.

स्टॅबिलायझर याला पुरत नाही. तो ठरावीक पट्ट्यातच काम करतो, त्याच्या वर व्होल्टेज गेलं की बऱ्याचदा तो स्वतःच आधी जातो, आणि वाचवला तरी एकच वस्तू वाचवतो. इथे मेनस्विचनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर हवा. एमसीबीच्या (जास्त करंट आला की आपोआप पडणाऱ्या बटनाच्या) शेजारीच त्याच पट्टीवर बसतो. वरची मर्यादा २७० च्या आसपास ठेवायची. त्यापुढे व्होल्टेज गेलं की पापणी लवायच्या आत तो घराची लाईन तोडतो, आणि लाईन ठिकाणावर आली की थोडा वेळ थांबून पुन्हा जोडतो. घराचा पूर्ण लोड पेलेल एवढ्या अँपिअरचा घ्या, स्वस्त मिळतो म्हणून लहान घेऊ नका. वस्तू वाचवण्यासाठी एकच डबा घेण्याइतके पैसे असतील तर हाच घ्या.

न्यूट्रल एका रात्रीत तुटतो असं वाटतं, पण त्याआधी तो कित्येक दिवस सैल असतो आणि खुणा देत असतो. शेजाऱ्याचा कूलर किंवा पिठाची गिरणी सुरू झाली की तुमचा दिवा उजळतो, बंद झाली की पुन्हा पहिल्यासारखा होतो, ही सामाईक न्यूट्रल सैल असल्याची अगदी खात्रीची खूण. ती दिसली की वादळाची वाट बघू नका. महावितरणच्या १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर वहीत लिहून ठेवा, गल्लीतल्या चार जणांनाही नोंदवायला सांगा. मीटरपर्यंतचं काम त्यांचं आहे. पोलवर आपला माणूस चढवायचा नाही, मग तो कितीही जाणकार असो.

घराच्या आत मात्र तुमच्या धाब्याच्या भागात एक गोष्ट आजच बघून घ्या. जुन्या फिटिंगमध्ये चिनीमातीचे दोन किटकॅट (फ्यूजचे होल्डर) असायचे, एक फेजला आणि एक न्यूट्रलला. न्यूट्रलमधला फ्यूज उडाला तर घरात अंधार होतो, सगळ्यांना वाटतं लाईट गेली, आणि होल्डरमध्ये, पंख्यात, बटनात फेज मात्र जिवंत असतो. माणूस बेफिकीर होऊन हात घालतो. न्यूट्रलचा किटकॅट काढून तिथे फ्यूज नसलेली सलग जोडणी करून घ्या, किंवा फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा डबल पोल मेनस्विच बसवून घ्या. फेजच्या किटकॅटमध्ये फ्यूजवायरऐवजी जाड तांब्याची तार पिळलेली असेल तर तीही काढा. एवढं करण्यापेक्षा तो बोर्डच बदलून एमसीबीचा घेतलात तर उत्तम.

आता अर्थिंग. वैशाखात बांधावर उभं राहून आपल्या काळ्या रानाकडे बघा. हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. शेताला जे होतं तेच अर्थिंगच्या खड्ड्यात होतं. पाइप तिथेच असतो, माती मात्र त्याला सोडून मागे सरकते. मी स्वतः खड्डे उघडून पाइपच्या भोवती बोट घालून बघितलंय, चारी बाजूंनी फट असते. पाइपचा जमिनीशी संबंध राहतो तो फक्त खालच्या टोकाला, आणि तिथली मातीही कोरडीठाक. फैजपूरकडच्या एका घरी मी भादव्यात अर्थिंग मोजलं होतं, ४ ओहम आलं (आकडा जितका कमी, तितकं अर्थिंग चांगलं). मालक खूश, मीही खूश. पुढच्या मे महिन्यात त्याच खड्ड्याचं मोजलं तर ३० च्या पुढे गेलं. तेव्हापासून मी पावसाळ्यातलं मोजमाप धरतच नाही. अर्थिंग मोजायचं ते एप्रिल-मेमध्ये, आणि मोजायचं ते अर्थ टेस्टरने.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे अर्थिंग तपासायची एक चुकीची रीत पडली आहे. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब धरायचा आणि तो पेटला की ‘अर्थिंग कडक आहे’ म्हणायचं. बल्ब पेटवायला अर्धा अँपिअरही लागत नाही. अर्थिंग ५० ओहमचं असलं तरी त्या बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो झकास पेटतो. आता त्याच घरात पत्र्याच्या कूलरला आतून फेज लागला असं समजा. अर्थिंग ३० ओहमचं असेल तर जमिनीत जाणारा करंट पावणेआठ अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही, कारण २३० भागिले ३०. कूलरच्या लाईनवरची १६ अँपिअरची एमसीबी एवढ्या करंटला कधीच पडणार नाही. कूलर चालत राहील, हवा देत राहील, आणि त्याच्या अंगावर २३० व्होल्ट उभे असतील. ओल्या फरशीवरून पोर धावत येऊन त्याला हात लावेल. म्हणून बल्बच्या परीक्षेवर विसंबू नका.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. त्याला मोठ्या करंटची गरज नसते. जेवढा करंट फेजने आत गेला तेवढा न्यूट्रलने परत आला नाही, एवढं कळलं की तो पडतो. अर्थिंग २०० ओहमचं झालं तरी गळती एक अँपिअरच्या वर जाते, आणि आरसीसीबीला त्याचा तिसावा हिस्साही पुरतो. म्हणजे मे महिन्यात अर्थिंग कमजोर पडलं तरी माणूस वाचवायला हा उभा असतो. त्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटन असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा. पडला पाहिजे. नाही पडला तर बदला. आणि पावसाळ्यात तो वारंवार पडतो म्हणून कोणी तो वगळून सरळ जोडून देतो म्हणाला तर त्याला करू देऊ नका. तो पडतोय म्हणजे कुठेतरी ओल शिरली आहे, ती शोधायची.

खड्ड्याचं काय करायचं? तुमचा पट्टा तापीकाठचा खोल मातीचा असेल तर किमान अडीच मीटर लांबीचा, ३८ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा जीआय पाइप पुरतो. सातपुड्याच्या पायथ्याला, दगड-मुरमाच्या जागी असाल तर एका खड्ड्यावर भागत नाही. दोन खड्डे घ्या, एकमेकांपासून निदान पाइपच्या लांबीइतके लांब, आणि दोन्ही पट्टीने जोडा. मीठ-कोळसा चालतो, पण मीठ पाइपाला खातं, हे लक्षात ठेवून काही वर्षांनी उघडून बघावं लागतं. ओल धरून ठेवणारी बेंटोनाइटची पावडर मिळते, ती कोरड्या जागेत जास्त टिकाऊ. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जागा नीट निवडणं. खड्डा मोरीच्या किंवा न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर घ्या. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचे हाल असतात, तेव्हा खड्ड्यात घागरी ओता असं सांगणं मला जमत नाही. पण मोरीचं पाणी रोज वाहतंच, ते पाइपापाशी मुरू द्या. जुना खड्डा लांब असेल तर गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत दर तिसऱ्या दिवशी दोन बादल्या सांडपाणी तिथे नेऊन ओता.

खड्ड्याचं झाकण उघडलंत की पाइपाला तार जिथे आवळली आहे तो नट-बोल्ट बघा. निम्म्या घरांत मला तिथे गंजाचा गोळा सापडतो. तार वर चकचकीत, पाइप खाली ठणठणीत, आणि मधला जोड मेलेला. नट उघडा, पाइप आणि तार पॉलिश पेपरने घासा, नवा नट-बोल्ट आणि वॉशर लावून करकचून आवळा, वरून ग्रीस फासा. तासाभराचं काम आहे. मेनस्विच खाली पाडून, परवानाधारक वायरमनकडून करून घ्या.

अर्थिंगबद्दल आणखी एक, आणि हे मी हात जोडून सांगतो. न्यूट्रल गेला की काही लोक अर्थिंगच्या तारेलाच न्यूट्रल करून लाईट चालू करतात. गावात ही युक्ती पोराटोरांनाही माहीत असते. तसं केलं की घरातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या वस्तूवर, फ्रिजवर, कूलरवर, मोटारीच्या बॉडीवर व्होल्टेज चढतं. एका रात्रीच्या पंख्यासाठी हे करायचं नाही.

आता पत्रे. यावर मी जरा थांबतो, कारण वादळानंतर माणसं जातात ती बहुतेक इथे. कामाला लागून मला थोडीच वर्षं झाली होती. एका गावातून सकाळी निरोप आला. रात्री वादळ होऊन गेलं होतं, सकाळी छान ऊन पडलं होतं. त्या घरच्या बाईंनी धुणं धुतलं आणि पहिला ओला कपडा तारेवर टाकला, तो शेवटचा. मी गेलो तेव्हा लाईन बंद केलेली होती. शिडी लावून बघितलं. पोलवरून आलेली सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेवरून मीटरकडे उतरत होती. रात्रभर वाऱ्याने ती पत्र्याच्या धारेवर घासली होती आणि एका जागी वरचं आवरण जाऊन हरभऱ्याच्या दाण्याएवढी तार उघडी पडली होती. तेवढंच. सगळं छप्पर जिवंत झालेलं, आणि कपडे वाळत घालायची लोखंडी तार त्याच छपराच्या अँगलला बांधलेली.

ताई, हे नीट समजून घ्या: हा दोष मीटरच्या आधीचा आहे. इथे तुमचा आरसीसीबी, एमसीबी, व्होल्टेज प्रोटेक्टर, कोणीही मधे येत नाही. घरातला मेनस्विच बंद केला तरी पत्रा जिवंतच राहतो. इथे वाचवतं ते फक्त अंतर. सर्व्हिस वायर पत्र्याला कुठेही टेकता कामा नये. उभ्या जीआय पाइपाने ती छपरापेक्षा उंच घ्यावी, आधाराच्या तारेला मधे चिनीमातीचा इन्सुलेटर हवा, आणि जिथे पत्र्याजवळून जाणं टळतच नाही तिथे ती पीव्हीसी पाइपातून न्यावी. मीटरकडे शिरण्याआधी तारेला खाली झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून वाहत आलेलं पाणी तिथे गळून पडेल, मीटरमध्ये जाणार नाही. यातलं काही बदलायचं तर महावितरणला कळवून, लाईन बंद करून घेऊनच. आणि कपड्यांची लोखंडी तार आजच सोडा. नायलॉनची दोरी बांधा, खुंट्याही लाकडाच्या किंवा भिंतीतल्या घ्या. सांगितलेल्या सगळ्या कामांत हे सगळ्यात स्वस्त आहे.

पत्र्यांवर दगड ठेवून वादळ काढायची आपल्याकडे सवय आहे. वळवाचा वारा दगडासकट पत्रा उचलतो, आणि उडालेला पत्रा तारांवर जाऊन पडला की पुढचं सांगायला नको. हुकबोल्टने, रबरी वॉशर लावून आवळून घ्या. सर्व्हिस वायरवर टेकलेल्या निंबाच्या, चिंचेच्या फांद्या आपण छाटायच्या नाहीत. मागणी करून लाईन बंद करून घ्यायची, मगच कोयता लावायचा.

गोठ्यासाठी वेगळं सांगतो. गुरं माणसाआधी का मरतात, असं मला पुष्कळ जण विचारतात. तुटलेली तार जमिनीवर पडली किंवा जवळ वीज पडली की जमिनीतच व्होल्टेज पसरतं, मधे जास्त आणि लांब जाऊ तसं कमी. गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांत बरंच अंतर असतं, म्हणून दोन्हीकडे व्होल्टेज वेगळं, आणि करंट तिच्या छातीतून जातो. माणसाच्या दोन पायांत अंतर थोडं आणि वाट पायातल्या पायात. म्हणून जनावर पोलाला, पोलाच्या ताणाच्या तारेला, किंवा अर्थिंगच्या खड्ड्याजवळ बांधू नका. तुमचा खड्डा गोठ्याला लागून असेल तर दावण हलवा. गोठ्यातला बल्ब बहुतेक वेळा फ्लेक्सिबल वायरला लोंबकळत असतो. तो पाइपातून आणि झाकणाच्या होल्डरमध्ये घ्या, आणि त्याची लाईन आरसीसीबीतून पार झाल्यावरच काढा.

विहिरीवरच्या मोटारीचं थोडक्यात. स्टार्टरच्या पेटीला वरून पत्र्याची किंवा सिमेंटची टोपी हवी, पेटीला अर्थिंग हवं, आणि एक फेज गेला तर मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर चालू स्थितीत हवा. ओल्या पायाने, ओल्या हाताने स्टार्टरला हात नाही. वादळानंतर लाईन दुरुस्त झाली की मोटार सुरू करून आधी पाणी बघा. पोलवर फेजची अदलाबदल झाली असेल तर मोटार उलटी फिरते, आवाज येतो पण पाणी नेहमीसारखं येत नाही. लगेच बंद करा.

एवढं झालं की सर्ज प्रोटेक्टर घ्या, ज्याला एसपीडी म्हणतात. घराच्या बोर्डासाठी टाइप २ चा. त्याचं काम कसं चालतं ते हतनूर डोळ्यांसमोर आणा म्हणजे कळेल. पूर आला की धरणाचे ४१ दरवाजे उघडता येतात, कारण पुढे तापीचं पात्र आहे. एसपीडी म्हणजे दरवाजा, अर्थिंग म्हणजे पात्र. पात्रच नसेल तर दरवाजा उघडून पाणी जाणार कुठे? घरातच पसरणार. म्हणून अर्थिंगच्या आधी एसपीडी घेणं म्हणजे निम्मे पैसे वाया. बसवताना त्याला येणारी आणि त्याच्यापासून अर्थपट्टीला जाणारी वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. वळणं घेत, लांबून नेलेल्या तारेने त्याचा बराच गुण जातो. त्याच्यावर एक खिडकी असते, हिरवी असेपर्यंत ठीक, लाल झाली की बदला. मात्र न्यूट्रल तुटला तर एसपीडी उपयोगाचा नाही. तो क्षणाचा झटका झेलतो, तासभर उभे राहिलेले ३३० व्होल्ट त्यालाच जाळतात. म्हणून व्होल्टेज प्रोटेक्टर वेगळा आणि एसपीडी वेगळा.

सोलरबद्दल. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि आपल्या गावांतही गच्चीवर पॅनेल दिसायला लागले. लाईट गेल्यावर सोलरही बंद का पडतं, अशी तक्रार मी वरचेवर ऐकतो. बॅटरी नसलेलं, लाईनला जोडलेलं सोलर तसंच असायला हवं. नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज पोलवर काम करणाऱ्या माणसाला लागेल. वादळाआधी पॅनेलच्या सांगाड्याचे बोल्ट आवळून घ्या, सांगाड्याचं अर्थिंग आणि डीसी बाजूचा एसपीडी बसवलाय की नाही ते बघा. आणि मेनस्विच पाडला तरी दिवसा पॅनेलच्या तारांत डीसी जिवंत असतो, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

पोलवरच्या माणसाचा विषय निघाला म्हणून जनरेटरही सांगतो. वादळानंतर दोन-दोन दिवस लाईट येत नाही, मग कोणी जनरेटर आणून त्याची पिन घरच्या सॉकेटमध्ये खुपसतो. मेनस्विच चालू राहिला तर ती वीज उलटी डीपीत जाते, आणि जी डीपी ११,००० चे २३० करते तीच उलट बाजूने २३० चे ११,००० करते. तिथे वर लाईन बंद आहे समजून लाईनमन काम करत असतो. तो आपल्याच गावचा, ओळखीच्या घरचा मुलगा असतो. जनरेटर वापरायचा असेल तर चेंजओव्हर स्विच लावूनच, एकतर इकडे नाहीतर तिकडे. इन्व्हर्टरचंही भान ठेवा. मेन बंद केला तरी त्याच्या लाईनवरची बटनं, पंखे चालूच असतात. दुरुस्तीला हात घालण्याआधी इन्व्हर्टरही बंद करा.

गच्चीवरच्या वीजरोधकाचा नंबर माझ्या यादीत शेवटी आहे. तुमचं घर मोकळ्या शेतात किंवा टेकाडावर एकटं उंच उभं असेल तर जरूर करा, गल्लीत दाटीने असेल तर आधीची कामं संपवा. ‘एका दांड्याने शंभर मीटर परिसर सुरक्षित’ असं सांगून काही जण महागडे गोळे विकतात. विजेपासून संरक्षणाचं जे मानक आपल्याकडे लागू आहे, आयएस/आयईसी ६२३०५, त्यात अशा वाढीव पल्ल्याला मान्यता नाही. साधा दांडा, जाड पट्टी, शक्य तितकी सरळ खाली उतरणारी, आणि तिचा खड्डा दाराच्या वाटेपासून बाजूला. तो खड्डा घराच्या अर्थिंगला पट्टीने जोडून घ्या. लोक वेगळा ठेवायचा म्हणतात, पण वेगळा ठेवला तर वीज पडताना दोन्हींत मोठा फरक पडतो आणि ठिणगी घरातून उडी मारते.

प्रत्यक्ष वादळ येताना काय करायचं, ते घरातल्या मोठ्या मुलालाही शिकवा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप फोनवर ठेवा, ते आसपास २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडत असल्याचा इशारा देतं. सातपुड्याकडे आभाळ काळं झालं की टीव्ही, फ्रिज, राउटर, सेटटॉप बॉक्स यांच्या पिना काढा, डिशची केबलही मागून सोडा. नुसतं बटन बंद करून भागत नाही, विजेचा सर्ज बटनाच्या आतली एवढीशी फट सहज ओलांडतो. पण हे काम कडकडाट जवळ येण्याआधीचं. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. ३० च्या आत ऐकू आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. मग पिनांना, नळाला, मोटारीला हात लावायचा नाही, शेतात असाल तर झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या घरात यायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहा.

लाईट गेली की मेनस्विच खाली पाडून ठेवा आणि तसाच राहू द्या. वादळ थांबल्यावर बॅटरी (टॉर्च) घेऊन आधी बाहेरूनच बघा. तार कुठे लोंबतेय का, पत्र्यावर पडलीय का. तुटलेल्या तारेपासून दहा मीटर लांब. चुकून जवळ गेलात तर ढांगा टाकत पळू नका, दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून घासत घासत मागे या. गाईचं जे सांगितलं तेच इथे. पत्र्याला, कपड्यांच्या दोरीला, ओल्या भिंतीला सकाळपर्यंत हात नाही.

आणि घरात १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब एका होल्डरमध्ये कायम ठेवा, मेनस्विचजवळ. एलईडी दिवा यासाठी चालत नाही, त्याच्या आतलं सर्किट व्होल्टेज वाढलं तरी उजेड सारखाच दाखवतं आणि शेवटी एकदम जातं. जुना बल्ब लपवत नाही. गल्लीत लाईट आली की सगळ्या एमसीबी खाली ठेवून मेन वर करा आणि फक्त त्या बल्बची लाईन चालू करा. पाच मिनिटं त्याच्याकडे बघा. नेहमीसारखा पिवळा असेल तर पंखा लावा, मग फ्रिज, टीव्ही सगळ्यात शेवटी. लालसर, मरगळलेला पेटला किंवा डोळ्यांना खुपेल इतका पांढरा झाला, तर मेन लगेच खाली पाडा, १९१२ ला कळवा, आणि शेजारच्या घरांनाही हाका मारून त्यांचे मेन बंद करायला सांगा. बल्ब उजळला म्हणजे तुटलेला न्यूट्रल सामाईक आहे, आणि तुमचा फ्रिज बंद असला तरी त्या क्षणी त्यांचा चालू असेल.